धान्याची किल्ली कोणाकडे?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक! एवढा धातू कोणी जमवला असेल? गावच्या प्रमुखाने, की पुरोहिताने?

प्राचीन सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, अशा प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तेथे देवळांच्या मालकीच्या जमिनी होत्या, गुरे होती, कोठारे होती. कामकऱ्यांना किती सातू द्यायचे, याचा हिशेब मातीच्या पाट्यांवर ठेवीत. ज्याच्या हाती कोठार, त्याच्या हाती माणसे. तेव्हा राजा आणि देऊळ यांच्यात ओढाताण होणारच. इ. स. पूर्व २३५० च्या सुमारास लगाशचा राजा उरुकागिना याने पुरोहितांचे हक्क कमी केले. प्रेत पुरताना ते सात घडे बीर आणि ४२० भाकऱ्या घेत. त्याने तीन घडे आणि ८० भाकऱ्या ठरवल्या. आधीच्या राजांनी बळकावलेली देवांची मालमत्ताही परत केल्याचे त्याचे लेख सांगतात. (हे लेख राजाच्याच बाजूचे आहेत, हे विसरू नका.) पुढे अक्कडच्या सारगॉनने भांडण न करता आपली मुलगी एन्हेदुआन्ना हिलाच उर येथील चंद्रदेवाची मुख्य पुजारीण नेमले!

दायमाबादेत अशा हिशेबाच्या पाट्या नाहीत. १९७५ नंतरच्या उत्खननात साळी यांना माळवा संस्कृतीच्या थरात मातीचा चौथरा, निरनिराळ्या आकारांची अग्निकुंडे आणि एका टोकाला अर्धवर्तुळाकार असलेली वास्तू मिळाली. तिला त्यांनी देऊळ मानले. पण तेथे विधी करणाऱ्याच्या ताब्यात धान्य होते का, हे राखेवरून कसे कळणार? ब्राँझच्या वस्तू तर उत्खननातल्या थरात मिळालेल्याच नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाविषयीही मतभेद आहेत.

कोठार सापडले ते पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला. तेथील वस्ती जोर्वे संस्कृतीची. हे नाव संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून पडले. इतरांची घरे एकदोन खोल्यांची, एक मात्र पाच खोल्यांचे, आणि कोठार त्याला लागून. ते प्रमुखाचे घर असावे, असे उत्खननकारांनी ठरवले. तोच पुरोहितही असेल काय? असेलही. मात्र इनामगावची मातीची बिनडोक्याची देवी मिळाली ती एका घराच्या जमिनीखाली, मातीच्या पेटीत पुरलेली, कोठाराशेजारी नव्हे.