खडकीच्या जवानांना भेटायला कुत्रा न्यायचा, तर खर्च किती?

मणक्याच्या दुखापतीने पाय, कधी हातही, निकामी झालेले जवान पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहतात. १९७४ पासूनची ही संस्था. काहींचं घर आता तेच. तिथे किंवा माजी सैनिकांच्या अशा दुसऱ्या निवासात आपला माणसाळलेला कुत्रा न्यावा असं वाटत असेल, तर आधी संस्थेच्या वैद्यकीय प्रमुखांना पत्र द्या. परवानगी मिळाल्याशिवाय खर्चाला हात घालू नका.

रेबीजची लस खासगी पशुवैद्याकडे साधारण ३०० ते ५०० रुपये. लेप्टोस्पायरोसिस धरून एकत्रित लस ७०० ते १,२००. दोन्ही वर्षातून एकदा. तपासणी आणि तंदुरुस्तीचा दाखला आणखी ३०० ते ५००, जंताच्या गोळ्या वजनाप्रमाणे, महापालिकेचा परवाना नाममात्र. म्हणजे वर्षाला दोन-अडीच हजार. त्यातलं बरंचसं घरच्या कुत्र्यासाठी एरवीही करायलाच हवं.

दर भेटीचा मोठा खर्च रिक्षाचा. कोथरूडहून खडकी मीटरने एका बाजूला दोनशेच्या आसपास. कुत्रा बसवून घेणारा रिक्षावाला ठरवून ठेवा. आदल्या दिवशी घरीच अंघोळ घाला, ग्रूमिंगवाल्याला हजार रुपये देण्याची गरज नाही.

नखांवर मात्र पैसे वाचवू नका. दीड-दोनशे रुपयांत ती कापून, घासून मिळतात. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला पायावरचा ओरखडा कळतच नाही. दुर्लक्षित ओरखडा चिघळला, की महिनोन् महिने पालथं पडून राहावं लागू शकतं. म्हणून मांडीवर जाड चादर टाका, युरिन बॅग आणि कॅथेटरची नळी कुत्र्याच्या बाजूला येऊ देऊ नका आणि भेट संपल्यावर परिचारकाकडून त्वचा तपासून घ्या. या कामाचं बिल येत नाही, पण परिचारकाचा वेळ जातो. तो कोण देणार, हे संस्थेशी आधीच बोला.

रुग्णालयातल्या भेटींसाठी अनेक ठिकाणी मानले जाणारे काही नियम इथेही पाळावेत: कुत्रा वर्षाहून मोठा हवा, त्याला कच्चं मांस दिलं जात नसावं आणि भेट तासाभरात संपावी. ज्याला कुत्रा नको, त्याच्या खोलीकडे फिरकू नये. भेटीआधी आणि नंतर सगळ्यांनी हात धुवावेत.

आपला कुत्रा व्हीलचेअरला बिचकत असेल, तर अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या प्रशिक्षित थेरपी श्वान असलेल्या संस्थेला विचारा. त्यांचं शुल्क आणि किती भेटी होणार, हे लेखी घ्या.