कार्बोरेटरचें दाट मिश्रण : परीक्षा व उपाय

शेतकऱ्याच्या घरीं बैलांच्या वैरणीचा हिशेब असतो, परंतु मोटरसायकलीच्या पेट्रोलाचा हिशेब क्वचितच असतो. दूध केंद्रावर नेणें, खताची गोणी आणणें, मजुरांची न्याहारी शेतावर पोहोंचविणें, हीं सर्व कामें आतां या वाहनावर होतात. आणि तें पेट्रोल अधिक पिऊं लागलें तरी "गाडी जुनी झाली" एवढें बोलून आपण स्वस्थ बसतों. पुष्कळ वेळां गाडी जुनी झालेली नसते. तिच्या कार्बोरेटरांत पेट्रोल व हवा यांचें प्रमाण बिघडलेलें असतें. हा बिघाड कसा ओळखावा व कोणत्या क्रमानें दुरुस्त करावा, हें या पाठांत सांगण्याचें योजिलें आहे. क्रम हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला आहे. कारण तो चुकल्यामुळें आमच्या घरीं जें घडलें, तेंही पुढें सांगावयाचें आहे.

आरंभींच एक खुलासा करतों. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज सहा या नियमाचींच नवीं वाहनें विकलीं जाऊं लागलीं, आणि तेव्हांपासूनच्या बहुतेक मोटरसायकलींत कार्बोरेटरच्या जागीं इंजेक्शनची योजना आली. त्या गाड्यांस हा पाठ लागू नाहीं. परंतु त्यापूर्वींच्या गाड्या खेडोपाडीं अद्याप पुष्कळ चालतात. त्यांच्या मालकांकरितां हें लिहिणें आहे.

१. मिश्रण म्हणजे काय?

पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी व पेट्रोल जास्त झालें म्हणजे मिश्रण दाट झालें. फिटर लोक यासच 'रिच' म्हणतात. हवा जास्त व पेट्रोल कमी असलें म्हणजे तें विरळ, म्हणजे 'लीन' होय. कंदिलाची वात फार वर केली असतां उजेड न वाढतां कांचच काळी होते; दाट मिश्रणाचें तसेंच आहे. न जळलेलें पेट्रोल कांहीं धुराबरोबर वायां जातें, व कांहीं सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खालीं इंजिन ऑइलांत उतरतें. त्यामुळें तेल पातळ होऊन पिस्टनची झीज वाढते. नुकसान येणेंप्रमाणें दुहेरी आहे.

कार्बोरेटरची रचना कठीण नाहीं. १८९३ सालीं जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यानें फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला. मूळ कल्पना आजही तीच आहे. खालीं वाटीसारखा पेट्रोलाचा लहानसा हौद असतो. गुरांच्या हौदांत पाणी ठराविक पातळीस आलें कीं तरंगणारा गोळा नळ बंद करतो, त्याचप्रमाणें या वाटींत फ्लोट व त्याची झडप काम करतात. वाटीच्या वरून हवेची नळी जाते. ती मध्यें अरुंद असल्यानें तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्यामुळें वाटींतील पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटांतून वर ओढलें जाऊन हवेंत मिसळतें. ॲक्सिलरेटर पिळला म्हणजे नळींतील स्लाइड वर उचलते आणि तिला लावलेली निमुळती सुई छिद्रांतून वर सरकून पेट्रोलास अधिक वाट देते.

२. दाट मिश्रणाची परीक्षा

पुढील लक्षणांपैकीं दोन तीन एकत्र दिसल्यास मिश्रण दाट आहे असें समजावें. सायलेन्सरमधून काळा धूर येतो. निळा धूर आल्यास तें तेल जळण्याचें लक्षण होय, त्याचा या पाठाशीं संबंध नाहीं. पेट्रोलाचा उग्र वास येतो. गाडी थंड असतांना बरी चालते, पण तापली म्हणजे अडखळते. ज्यास सर्व लोक ॲव्हरेज म्हणतात, तें घटतें. प्लग काढून पाहिल्यास त्याचें टोंक कोरड्या, मऊ काजळीनें काळें झालेलें असतें. निरोगी इंजिनाच्या प्लगाचें टोंक फिकट तपकिरी असतें. ओलें व चकचकीत काळें असल्यास तो दोष तेलाचा असण्याचा संभव अधिक.

३. आमचा अनुभव

२०२२ सालच्या फाल्गुनांत आमच्या पुतण्याची मोटरसायकल काळा धूर ओकूं लागली. तो दोन खेपा मिळून रोज चाळीस किलोमीटर दूध नेत असे. लिटरास साठ किलोमीटर चालणारी गाडी चाळिसांवर आली. म्हणजे महिन्याच्या बाराशें किलोमीटरांस वीस लिटरांच्या जागीं तीस लिटर पेट्रोल लागूं लागलें. शंभर रुपये लिटर धरलें तरी महिना एक हजार रुपये धुरांत गेले. आम्हींच त्यास तालुक्याच्या गांवीं ओळखीच्या एका फिटराकडे नेलें. त्यानें हवेच्या फिल्टरची पेटी उघडलीच नाहीं. सुईची क्लिप दोन खांचा वर घेतली, मेन जेट लहान बसविला, आणि धूर थांबला. आम्हीं त्याच्या हातगुणाची तारीफ करून पैसे दिले. खरें कारण निराळेंच होतें. ज्वारीच्या मळणीच्या धुळीनें व भुसकटानें फिल्टर गच्च भरला होता. हवा अडली होती म्हणून पेट्रोलही अडविलें, आणि हिशेब जुळल्यासारखा दिसला.

वैशाखांत पुतण्यानें स्वतः नवा फिल्टर बसविला. आतां हवा पूर्ण मिळूं लागली, पेट्रोल मात्र तोडलेलेंच राहिलें; मिश्रण अतिशय विरळ झालें. विरळ मिश्रणानें इंजिन बेसुमार तापतें. तिसऱ्या दिवशीं भर दुपारीं, दुधाचे दोन कॅन घेऊन चढ चढत असतां पिस्टन सिलिंडरांत धरला, मागलें चाक जागच्या जागीं अडकलें, आणि मुलगा रस्त्यावर पडला. त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालावा लागला तो खर्च निराळाच. "काका, नवा फिल्टर घातला यांत माझें काय चुकलें?" असें त्यानें विचारलें, तेव्हां आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याचें कांहींच चुकलें नव्हतें. महसूल कचेरींत तीस वर्षें आम्हीं फेरफाराचीं कागदपत्रें हाताळलीं; नोंदीवांचून एक गुंठाही इकडचा तिकडे होऊं नये हें पाहिलें; आणि घरच्या यंत्रांत कोणता फेरफार झाला, हें मात्र विचारलें सुद्धां नाहीं.

४. प्रथम हवा, मग पेट्रोल

या अनुभवाचें तात्पर्य असें कीं, स्क्रू किंवा जेट यांस हात लावण्यापूर्वीं पुढील चार गोष्टी याच क्रमानें पाहाव्या.

(अ) चोक. चोक अर्धवट अडकून राहिल्यास मिश्रण दाटच होणार. त्याची दांडी किंवा वायर पूर्ण मागें जाते कीं नाहीं हें पाहावें.

(आ) हवेचा फिल्टर. कागदी फिल्टर हलकेच झटकावा. धुऊं नये, आणि फार मळला असल्यास बदलावा. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यानें धुऊन पूर्ण वाळवावा व थोडें तेल लावून, पिळून बसवावा. मळणीच्या व खडी-मुरमाच्या रस्त्यांच्या दिवसांत तो अधिक वेळां पाहावा. फिल्टर काढून गाडी कायमची चालवूं नये. धुळीनें सिलिंडर घांसून जातो.

(इ) फ्लोट. वाटीच्या नळींतून पेट्रोल ठिबकत असल्यास झडपेंत कचरा आहे, किंवा तिचें रबरी टोंक झिजलें आहे असें समजावें. फ्लोटची उंची गाडीच्या पुस्तकांत मिलिमीटरांत दिलेली असते, तितकीच ठेवावी. पातळी वर गेली कीं सर्वच वेगांत मिश्रण दाट होतें.

(ई) झीज. सुई व तिचें छिद्र वर्षानुवर्षें एकमेकांवर घांसतात, छिद्र मोठें होतें, व मधल्या वेगांत पेट्रोल जास्त येतें. यास उपाय नवी जोडी घालणें हाच. क्लिप सरकविणें हा नव्हे.

आमच्या समजुतीनें पुष्कळ गाड्यांचा दोष एवढ्यांतच निघून जातो.

५. दोष कोणत्या भागांत आहे?

वरील सर्व ठीक असूनही मिश्रण दाट राहिल्यास ॲक्सिलरेटरच्या मुठीवर व शेजारच्या स्थिर भागावर खडूनें खुणा करून, मूठ किती पिळली असतां दोष दिसतो हें पाहावें. मूठ सोडलेली असतांना व पहिल्या अष्टमांशापर्यंत पेट्रोल मुख्यतः पायलट जेट व त्याचा स्क्रू यांच्या स्वाधीन असतें. तेथून पाव भागापर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा परिणाम असतो. पाव ते पाऊण भागांत सुईची सत्ता, आणि पाऊण भागापासून पूर्ण उघडेपर्यंत मेन जेटची. संथ गतींत गाडी अडखळत असतां मेन जेट बदलणें म्हणजे एका गटाची थकबाकी दुसऱ्या गटावर टाकणें होय.

६. जुळणी

काम उघड्या जागीं करावें, पेट्रोलचा कॉक बंद करावा, व जवळ विडी किंवा दिवा नसावा. स्क्रूची जुळणी मात्र दहा मिनिटें गाडी चालवून इंजिन तापल्यावर करावी. थंड इंजिनावर केलेली जुळणी खोटी ठरते.

प्रथम स्क्रूची जागा पाहावी. तो हवेच्या फिल्टरच्या बाजूस असल्यास हवेचा स्क्रू होय. तो बाहेर काढला असतां हवा वाढून मिश्रण विरळ होतें. इंजिनाच्या बाजूस असल्यास उलट. बाहेर काढला असतां पेट्रोल वाढून मिश्रण दाट होतें. हा भेद न कळल्यामुळें दोष कमी करतां करतां वाढविल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. स्क्रू सावकाश आंत फिरवून किती फेरे होतात तें मोजून लिहावें. टेंकल्यावर जोर करूं नये. टोंक व बैठक दोन्ही बिघडतात. नंतर पुस्तकांत दिलेले फेरे, जे पुष्कळ गाड्यांत दीडच्या आसपास असतात, बाहेर काढून इंजिन चालूं करावें. पाव पाव फेरा दोन्ही बाजूंस फिरवून ज्या जागीं इंजिन सर्वांत जलद व एकसारखें चालेल तेथें थांबावें, आणि मग स्लो स्पीडच्या स्क्रूनें गति खालीं आणावी.

सुईस खांचा असल्यास क्लिप एक खांच वर घ्यावी. सुई तितकी खालीं बसते व पेट्रोल कमी होतें. एका वेळीं एकच खांच. मेन जेटवरील अंक लहान म्हणजे पेट्रोल कमी; तोही एका पायरीनेंच बदलावा. प्रत्येक बदलानंतर त्याच मुठीवर गाडी थोडी चालवावी, क्लच दाबून इंजिन एकदम बंद करावें, निवल्यावर प्लग पाहावा. प्लग पांढुरका दिसल्यास मिश्रण विरळ झालें. तत्काळ एक पायरी मागें यावें. कांहीं गाड्यांत सुईस खांचा नसतात व स्क्रू मोहरबंद असतो. तेथें जाणत्या फिटरासच बोलवावें.

७. इथेनॉलाविषयीं

वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ सालच्या फेब्रुवारींत आपल्या देशांत निवडक पंपांवर विक्रीस आलें व पुढें सर्वत्र पसरलें. आपल्या उंसापासूनही इथेनॉल होतें, हें ऊंसवाल्यांस सांगावयास नको. इथेनॉलांत प्राणवायु असल्यानें त्याच्या एका भागास सुमारें ९ भागच हवा पुरते. सबब त्याच जेटावर मिश्रण पूर्वींपेक्षां थोडें विरळ होतें. जुनी गाडी आधींच काठावर विरळ जुळविली असल्यास या पेट्रोलावर ती आणखी तापेल. ॲव्हरेजमधील थोडी घट इथेनॉलाच्या कमी उष्णतेमुळेंही येते. तेवढ्यावरून मिश्रण दाट झालें असें ठरवूं नये. प्लग काळा नसेल तर स्क्रूस हात लावूं नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व फ्लोटच्या झडपेचें टोंक मात्र तपासून घ्यावें.

८. टिपण ठेवावें

गाडीच्या पेटींत एक लहान वही ठेवावी. तींत तारीख, किलोमीटर, भरलेलें पेट्रोल, व केलेला बदल असे चार रकाने पाडावे. शेवटच्या रकान्यांत स्क्रूचे फेरे, क्लिपची वरून कितवी खांच व जेटचा अंक लिहावा. फिटरानें बदल केला तरी त्यास विचारून त्याच्या समोरच लिहावा, व काढलेला जुना जेट मागून घ्यावा. एका वेळीं एकच फेरफार, आणि प्रत्येक फेरफाराची नोंद, एवढे दोन नियम पाळले तर चूक झाली तरी मागें परत येण्याची वाट राहते.

आमच्या पुतण्याचा हात आतां बरा आहे. थंडींत मनगट दुखतें. त्याच्या गाडीच्या पेटींत अशी वही आहे. तींतील पहिली नोंद आम्हीं आमच्या हातानें लिहिली आहे.