घोंगडी : भरड लोकरीचे मोल

इतवारीच्या कापडबाजारात मान सुताचा आणि रेशमाचा. लोकर म्हटली की आपल्याला हिवाळ्यातला स्वेटर तेवढा आठवतो. परंतु महाराष्ट्राचे स्वतःचे लोकरी वस्त्र आहे आणि ते म्हणजे घोंगडी. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्यामागील कारागिरीकडे मात्र क्वचितच पाहतो.

घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची. पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातील कोरड्या माळरानांवर धनगर हे कळप पाळतात. लोकर बहुधा काळी व भरड असते आणि वर्षातून साधारणपणे दोनदा कातरली जाते. ती पिंजून बायका चरख्यावर सूत काढतात. सनगर व खुटेकर धनगर ते खड्ड्याच्या मागावर विणतात. विणण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे धाग्याला बळ येते. घोंगडीची खोळ पावसात मेंढपाळाचे छत्र होते, रात्री तीच अंथरूण होते. येथे भरडपणा हा दोष नसून गुणच आहे.

बाजाराचे माप मात्र तलमपणाचे. म्हणून विसाव्या शतकात या मेंढीचा मेरिनो व राम्बुये या विदेशी जातींशी संकर करण्यात आला.

या संदर्भात अमेरिकेतील नवाहो आदिवासींचा इतिहास बोधप्रद आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी आणलेली चुरो मेंढी त्यांनी आपलीशी केली व उभ्या मागावर तिच्या लोकरीची घोंगडी विणली. १८६३-६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांचे कळप नष्ट केले. पुढे १९३० नंतरच्या दशकात कुरणांची धूप होते या कारणास्तव सरकारने लाखो जनावरे कमी केली. राम्बुयेशी संकरही झाला. परंतु राम्बुयेची लोकर तलम असली तरी तेलकट. ती धुण्यास वाळवंटात पाणी कोठून आणावे? चुरोची लोकर लांब, कमी तेलाची आणि हाताने कातण्यास सोयीची. ती जात नामशेष होऊ लागली, तेव्हा १९७७ मध्ये तिच्या संवर्धनाचे काम सुरू झाले.

आपल्याकडे आज मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः मांसावर आहे. लोकरीला कातरणीची मजुरीही सुटेना, म्हणून ती पुष्कळदा फेकून दिली जाते. मेंढी टिकेल, पण कातणारे आणि विणणारे हात टिकतील का? वस्तूचे मोल केवळ बाजाराच्या मापाने ठरवावे की वापरणाऱ्याच्या गरजेनेही, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. तो भिजत ठेवून चालणार नाही.