पत्रक छापायचंय? आधी ते वाचलं जाईल का ते बघा



व्हिडिओत आपण ए-५ आकाराचं, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटरचं पत्रक तयार केलं. त्यातले मुद्दे इथे लिहून देतोय, काम करताना समोर ठेवा.

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि दिवाळीआधी हजार पत्रकं वाटायची आहेत. कागद, छपाई, वाटप, सगळ्याचे पैसे जाणार. पण घेणारा माणूस त्यावर फक्त एक नजर टाकतो. तेवढ्यात तीन गोष्टी कळायला हव्यात: काय मिळतं, केवढ्याला मिळतं आणि फोन कुठे करायचा.

१. एकच गोष्ट सर्वात मोठी ठेवा. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही. मथळा २८ पॉइंट, उपमथळे १६ आणि मजकूर १२ पॉइंट, एवढ्यावर काम भागतं.

२. फॉन्ट जास्तीत जास्त दोन. मथळ्याला ‘बालू’, मजकुराला ‘मुक्त’ घ्या. दोन्ही ‘एक टाइप’चे आहेत, गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि व्यवसायासाठीही वापरता येतात.

३. ओळींना श्वास घेऊ द्या. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, रफार वर आणि उकार खाली येतात. ओळी जवळ आल्या की ते एकमेकांना भिडतात. म्हणून १२ पॉइंटच्या मजकुराला साधारण १८ पॉइंटची ओळ द्या. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

४. मोकळी जागा वाया जात नाही. चारही बाजूंनी किमान १० मिलिमीटर मार्जिन सोडा. मजकूर डावीकडून सुरू करा. दरपत्रकात वस्तूंची नावं डावीकडे आणि किमती उजव्या कडेला एका रेषेत ठेवा.

५. रंग जपून वापरा. पिवळ्यावर पांढरं किंवा फोटोवर बारीक अक्षर वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळं कधीच दगा देत नाही.

६. फाइल नीट द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य चिन्हं दिसू शकतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि डीटीपीवाल्याला फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते.

आता गृहपाठ. हजार छापण्याआधी एकच प्रत खऱ्या आकारात काढा. शेजारच्या आजोबांच्या हातात द्या, पाच सेकंदांनी परत घ्या आणि वरचे तीन प्रश्न विचारा. उत्तरं आली तर प्रेसला फोन करा. नाही आली तर मजकूर कमी करा, अक्षर मोठं करा आणि पुन्हा एक प्रत काढा. एका प्रतीला दोन-पाच रुपये जातील, पण हजार पत्रकं रद्दीत जाणार नाहीत.

आणि हो, फोन नंबर स्वतः डायल करून तपासा!