गेटवे बसवलात, आता ८००१ तपासा

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीचा लिनक्स सर्व्हर माझ्याकडे देखभालीला आला, तेव्हा त्यावर काँग हा ओपन सोर्स एपीआय गेटवे आधीच बसवलेला होता. मोबाइल अ‍ॅपकडून येणारी प्रत्येक विनंती तपासायची आणि योग्य सेवेकडे पाठवायची, हे सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं काम तो नीट करत होता. तक्रार कुणाचीच नव्हती. डोंबिवलीला घरून, मोबाइल डेटावर, मी त्याच सर्व्हरचा ८००१ पोर्ट उघडला. पासवर्ड न विचारता गेटवेची सगळी मांडणी समोर आली. त्यात कंपनीतल्या कुणीही न घातलेला एक रूट होता, बाहेरच्या अनोळखी पत्त्याकडे जाणारा.

हे कसं घडतं ते समजून घ्या. काँगचे ८००० आणि ८४४३ हे पोर्ट ग्राहकांसाठी असतात. ८००१ आणि ८४४४ अ‍ॅडमिन एपीआयसाठी. ओपन सोर्स आवृत्तीत या अ‍ॅडमिन एपीआयला स्वतःचा पासवर्ड नसतो. म्हणूनच उबुंटूवर थेट पॅकेज बसवलं, तर तो १२७.०.०.१ वर, म्हणजे त्या यंत्रापुरताच चालतो. डॉकरमध्ये मात्र कंटेनरबाहेरून पोचण्यासाठी ०.०.०.० लिहावं लागतं. मग पोर्ट जोडताना सुरुवातीचं १२७.०.०.१ गाळलं, की तो सगळ्या जगाला खुला होतो. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद दिसला तरी विसंबू नका; डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये घालतो. त्या सर्व्हरवर नेमकं हेच झालं होतं.

म्हणून पोर्टची जोडणी '१२७.०.०.१:८००१:८००१' अशी पूर्ण लिहा आणि दुरून काम करायचं असेल तर एसएसएच टनेल वापरा. तपासणी ऑफिसच्या वायफायवरून नको, बाहेरच्या नेटवर्कवरून करा.

पोर्ट उघडा सापडला तर तो बंद करून थांबू नका. अ‍ॅडमिन एपीआयमधून टीएलएस प्रमाणपत्राची खासगी कीसुद्धा वाचता येते. त्यामुळे प्रमाणपत्रं आणि ग्राहकांच्या एपीआय की बदला. सर्व्हिस, रूट आणि प्लगइन एकेक करून पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर ६ तासांत द्यायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. लॉग त्याआधीच पुसले जात नाहीत ना, हे लॉगरोटेटमध्ये आजच बघा.

आपल्याकडे वीज अधूनमधून जाते, म्हणून सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करून पाहा. पोस्टग्रेस डेटाबेस उठण्याआधी काँग उठू पाहत असेल, तर सिस्टिमडीमध्ये क्रम लावून द्या. शेवटी, डेक या साधनाने सगळी मांडणी फाइलमध्ये उतरवून गिटमध्ये ठेवा आणि चालू गेटवेशी ती नेमाने ताडून पाहा. परका रूट त्या फरकात लगेच दिसतो.