कुंपणाच्या खड्ड्यातले पाणी आणि चिखल



आडसाली लागण आटोपली की बांधाच्या कुंपणाकडे लक्ष जाते. खड्डे घ्यावेत आणि रात्रीत पाऊस लागावा, हे ठरलेलेच. सकाळी बघावे तर खड्ड्यात गुडघाभर पाणी. गडी म्हणतात, "मालक, टाका की खांब, जड हाय, आपसूक बसतोय." बसतो खरा, पण कशावर बसतो?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. पाणी उतरल्यावर आम्हीही अशीच घाई केली. कोपऱ्याचा खांब राडीतच उभा करून वरून काँक्रीट ओतले. दिवाळीपर्यंत खांब सरळ. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली, खांब आत कलला, तारा सैल पडल्या आणि डुकरांनी खोडव्याच्या चार सऱ्या लोळवल्या. खांब उकरला तर तळाशी वीतभर मऊ गाळ, आणि खालचे काँक्रीट हाताने कुस्करत होते. सिमेंट पाण्यात धुऊन गेले होते!

म्हणून आधी पाणी कुठून येते ते बघा. पुष्कळदा ते पावसाचे नसतेच, शेजाऱ्याच्या उसाला पाणी चालू असते. त्याला दोन दिवस पाट बंद ठेवायला सांगितले की निम्मे काम झाले. (भाऊबंदकी असेल तर जरा गोडीने सांगावे.)

फूटभर रुंदीच्या खड्ड्यात बादली जात नाही. रंगाचा रिकामा डबा काठीला पक्का बांधून पाणी उपसावे. तळाचा राडा मात्र डब्यात येत नाही, नुसता ढवळतो. त्यात दोन-तीन पाट्या कोरडी माती किंवा मुरूम टाकून पहारीने कालवा. राडा घट्ट झाला की फावड्याने उचलता येतो. कडेची ढासळलेली मातीही खरवडून काढा. मग पहार हातातून सोडून बघा. आपल्या वजनानेच रुतत असेल तर अजून गाळ आहे, उपसा.

काळ्या रानात उपळ सावकाश येते. तिथे एक-दोनच खड्डे उपसून लगेच खांब उभे करावेत. सगळे खड्डे सकाळीच उपसून ठेवले तर दुपारी पुन्हा पहिला पाढा. नदीकाठच्या रेताड जमिनीत पाणी भराभरा येते. तिथे उताराच्या अंगाला दोन-तीन फुटांवर फूटभर जास्त खोल खड्डा घेऊन त्यातून उपसत राहावे. तरीही पाणी हटत नसेल तर वाफसा येईपर्यंत थांबावे. आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

तळाशी चार इंच मुरूम धुमसून मगच खांब ठेवावा, ओळंबा लावावा, काँक्रीट घट्टच कालवावे. बुडाशी मातीचा उंचवटा करावा, म्हणजे पाणी बाहेर पळते.

आणि उघडे खड्डे रात्री तसेच टाकू नका. वरून फळी टाकून दगड ठेवा. वासरू किंवा लहान मूल पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले तर कळायलाही वेळ लागतो.