रुबेला : अर्धवट लसीकरणाची किंमत

बंगळुरूच्या राजाजीनगर परिसरात कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय आहे. तेथे येणाऱ्या एखाद्या कामगार स्त्रीला गरोदरपणाच्या आरंभी किंचित ताप आला, अंगावर पुरळ उठले आणि तीन दिवसांत मावळले, तर ती आपली पाळी चुकवून डॉक्टरांकडे जाईलच असे नाही. रुबेलाचे फसवेपण येथेच आहे. आईला जे दुखणे जाणवतही नाही, ते गर्भाला आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकते.

१९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी नवजात बालकांच्या मोतीबिंदूचा संबंध मातेच्या रुबेलाशी जोडला. हा विषाणू वारेतून गर्भात शिरतो आणि अवयव घडत असतानाच पेशींची वाढ खुंटवतो. मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयदोष हे त्याचे परिणाम होत. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाला संसर्ग होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते; विसाव्या आठवड्यानंतर व्यंगाचा धोका फारच कमी होतो. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बालके असे दोष घेऊन जन्मली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक विलक्षण पेच आहे. एरवी थोडे लसीकरण हे मुळीच नसण्यापेक्षा बरे. रुबेलाबाबत तसे नाही. केवळ ऐपत असलेल्यांनी मुलांना लस टोचून घेतली, तर विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. लस न मिळालेल्या मुली बालपणी संसर्गातून वाचतात आणि नेमक्या मातृत्वाच्या वयात त्याला सापडतात. ग्रीसमध्ये १९९३ साली हेच घडले. म्हणजे खाजगी बाजारातील खरेदीचा भार ती खरेदी न करू शकणाऱ्या कुटुंबावर पडतो. आपल्याकडेही कित्येक वर्षे ही लस खाजगी दवाखान्यांत मिळत होती, सार्वत्रिक लसीकरणात नव्हती.

५ फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळुरूहून गोवर-रुबेला मोहिमेचा प्रारंभ झाला, तो याच कारणाने नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींसाठी. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. मुलग्यांना लस कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर साधे आहे : घरात विषाणू आणणारा भाऊ किंवा पतीही असू शकतो.

मात्र कर्नाटकात २००२ पूर्वी जन्मलेल्या मुली या मोहिमेच्या वयोमर्यादेबाहेर राहिल्या. आज प्रसूतिगृहांत येणाऱ्या स्त्रियांत त्यांची संख्या मोठी आहे. पुष्कळ जणींना बालपणीच्या संसर्गाने संरक्षण मिळालेले असेल, सर्वांना नाही. ही लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देता येत नाही. ती घेतल्यावर निदान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. त्यामुळे तिची विचारणा प्रसूतिपूर्व तपासणीत करून उपयोग नाही. ती विवाहाच्या सुमारास किंवा कारखान्यात नोकरीवर रुजू होतानाच्या आरोग्य तपासणीतच व्हायला हवी.